स्लीव्ह, विणलेला स्तन आणि फॉलोअपची फाइल: ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपल्यावर लागलेल्या गोष्टींचा माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, लांब होणार आहे हे. सर्जरी कुठे करावी, किमोत काय खावं यावर सांगणारे ढीगभर भेटतात पण सगळं संपल्यावर जे लागतं त्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि मी त्यात पैसे पण घालवलेत आणि हात पण दुखवून घेतलाय, म्हणून लिहितेय.

मी ५४ वर्षांची, डोंबिवलीला राहते, एका शाळेत ऑफिसला आहे. उजव्या बाजूची एमआरएम झाली म्हणजे पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग किमो, मग १५ रेडिएशन आणि आता रोज लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी, गोळी. शेवटचं रेडिएशन झालं त्या संध्याकाळी सासूबाईंनी दृष्ट काढली, मिस्टरांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि सगळे म्हणाले सुटलीस बाई एकदाची. मला पण तसंच वाटलं होतं. हॉस्पिटलच्या कागदावर खाली एका ओळीत "तीन महिन्यांनी दाखवणे" एवढंच लिहिलेलं होतं.

मग चारेक महिन्यांनी नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी बांगड्या भरायला बसले, माझं माप दोन-सहा, आयुष्यभर तेच. डाव्या हातात सरसर गेल्या. उजव्या हातात पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडकली, कासारणीने साबण लावला, हात दाबून बघितला तर तिच्या बोटाचा ठसा माझ्या मनगटावर तसाच राहिला, खळगा पडल्यासारखा. ती म्हणाली, "ताई, ह्या हाताला सूज आहे हो तुमच्या, ओढू नका." तोपर्यंत मी समजत होते की हात जड वाटतो तो कामाने, घड्याळाचा पट्टा घट्ट होतो तो उकाड्याने. ह्याला लिम्फेडेमा म्हणतात हे मला नंतर कळलं. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी, म्हणजे लिम्फ, परत जायचा रस्ता अर्धा बंद होतो आणि ते तिथेच साचतं. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या साधारण पाचातल्या एकीला हे होतं, नुसत्या एक-दोन गाठी तपासायला काढल्या असतील तर बरंच कमी. आणि हे लगेचच होतं असं नाही, दोन वर्षांनी पण सुरू होऊ शकतं. हे मला डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं असतं तर मी मनगटाचं माप घेऊन ठेवलं असतं हो, एवढं तर जमलं असतं.

आता स्लीव्हचं, म्हणजे सूज दाबून ठेवायला हातावर चढवायची घट्ट इलॅस्टिकची बाही. माझी पहिली स्लीव्ह घराजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून घेतली. दुकानदाराने काउंटरच्या पलीकडून माझ्या हाताकडे बघितलं आणि "मिडीयम लागेल" म्हणून डबा पुढे केला. टेप नाही, काही नाही. ३२०० रुपये दिले. दोन दिवस घातली, दंडाला सैल, मनगटाला घट्ट, आणि तिसऱ्या दिवशी बोटं अशी सुजली की पेन धरता येईना, कारण वरचं सगळं पाणी ढकललं गेलं ते तळहातात आणि बोटांत येऊन बसलं. परत द्यायला गेले तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. माल बहुतेक चांगलाच असेल, कंपनीला मी काही म्हणत नाही, पण न मोजता विकलेली स्लीव्ह न घातलेल्या स्लीव्हपेक्षा वाईट हे मी माझ्या बोटांवर बघितलंय. पाचपैकी शून्य देते त्या खरेदीला.

नंतर ओपीडीत माझ्या शेजारी बसलेल्या एका मावशींनी ठाण्यातल्या एका छोट्या लिम्फेडेमा क्लिनिकचं सांगितलं. नाव लिहीत नाहीये कारण तिथल्या ताईंनीच सांगितलंय की आधीच वेटिंग महिन्याचं आहे. ब्लड प्रेशरचं मशीन, एक पलंग, भिंतीला आरसा आणि टेप, बस एवढंच आहे तिथे. पण पहिल्या दिवशी त्या फिजिओ ताईंनी माझ्यासाठी सव्वा तास दिला. मला खुर्चीत बसवलं, दोन्ही हात उशीवर ठेवले, पेनाने मनगटापासून दर ४ सेंटीमीटरवर बारीक खूण केली आणि प्रत्येक खुणेवर आधी डावा मग उजवा, दोन्ही मापं वहीत लिहिली. टेप ओढायची नाही, नुसती टेकवायची, हे त्यांनी मला करून दाखवलं. कोपराच्या वर १२ सेंटीमीटरला उजवा हात डाव्यापेक्षा ३.४ सेंटीमीटर जास्त भरला. आकडा ऐकून मला रडायला आलं. त्या थांबल्या, पाणी दिलं, आणि म्हणाल्या रडून घ्या, मला घाई नाही. दीड वर्षात इतक्या लोकांनी माझा हात हातात घेतला, सुई लावायला, रक्त काढायला, पण मला घाई नाही हे कोणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी लगेच स्लीव्ह दिलीच नाही. आधी सूज उतरवायची आणि मग उतरलेल्या हाताचं माप घ्यायचं, नाहीतर सुजलेल्या मापाची स्लीव्ह घालून सूज तेवढीच राहते. मग तीन आठवडे बँडेज. साधं क्रेप बँडेज नव्हे, कमी ताणलं जाणारं वेगळं येतं ते, आत कापूस आणि फोमचे थर, प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी. रोज सकाळी ६.४० ची लोकल पकडून ठाण्याला जायचं, बँडेज सोडायचं, हात धुवायचा, क्रीम लावायचं, ताई हलक्या हाताने मसाज करायच्या, तो मसाज एवढा हलका की पहिल्यांदा मला वाटलं ह्याने काय होणार, कारण आपल्याला मालिश म्हणजे रगडूनच माहिती. पण लिम्फच्या नळ्या चामडीच्या लगेच खाली असतात, जोर लावला की त्या दबतात, म्हणून कातडी नुसती सरकवायची. आणि सुरुवात हातापासून नाही, मानेपासून आणि दुसऱ्या बाजूच्या काखेपासून, म्हणजे पुढचा रस्ता आधी मोकळा करायचा. ट्रॅफिक पोलिस करतो ना तसंच, त्यांचंच उदाहरण हे.

तीन आठवडे जमायला कठीण गेले, खोटं नाही सांगत. बँडेज घालून कणीक मळता येत नाही, केस बांधता येत नाहीत, साडीच्या निऱ्या मिस्टरांनी धरल्या. ट्रेनमध्ये बायका विचारायच्या हात मोडला का, मी पहिले काही दिवस हो म्हणायचे, मग एकदा खरं सांगितलं तर समोरच्या दोघींनी उठून मला खिडकी दिली आणि त्यातली एक माझ्यासारखीच निघाली, ट्रीटमेंटला सहा वर्षं झालेली.

तीन आठवड्यांनी ३.४ चं १.३ वर आलं. मग मापाची स्लीव्ह मागवली, डब्यावर २०-३० एमएमएचजी (दाबाचं माप) लिहिलेली, आणि सोबत बोटं मोकळी राहतील असा हाताचा वेगळा अर्धा मोजा. दोन्ही मिळून ७८०० गेले. महाग आहे, आणि दर सहा महिन्यांनी बदलावी लागते कारण इलॅस्टिक सैल पडतं, म्हणजे वर्षाला दोनदा. एक धुवायला एक घालायला म्हणून दोन घेतल्या तर बऱ्या, मी दुसरी दिवाळीच्या बोनसमध्ये घेतली. मेडिक्लेमवाल्यांनी स्लीव्हचं बिल नाकारलं, दोनदा पत्र दिलं तरी नाही.

वापरून नऊ महिने झाले. सकाळी उठल्या उठल्या घालायची, तेव्हा हात सर्वात हलका असतो, रात्री काढायची. भांडी घासायचे रबरी हातमोजे असतात ना ते घालून स्लीव्ह वर सरकवली तर नखाने धागा निघत नाही. वरचं टोक दुमडायचं नाही, दुमडलं की तिथे दोरी बांधल्यासारखं होतं. साध्या साबणाने हाताने धुवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाळवायची. मे महिन्यात डोंबिवली स्टेशनवर काय होतं ते विचारू नका, कोपराच्या आत घामोळं येतं. पण एप्रिलमध्ये मी तीन दिवस आळस केला तर कोपराच्या वर अर्धा सेंटीमीटर वाढला, तेव्हापासून दिवसा नाही काढत. त्या स्लीव्हला साडेचार देते, अर्धा किमतीचा कापला.

ताईंना पाचपैकी पाच, आणि त्याचं कारण सांगते. गणपतीत खोबरं खवताना उजव्या हाताला विळी लागली, बारीकशीच चीर. हळद दाबली आणि मोदकाला बसले. संध्याकाळी हात कोपरापर्यंत लाल, गरम, आणि ताप १०१. मला वाटलं सकाळी बघू. पण त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून दिलं होतं की हात लाल झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, म्हणून फोन केला. त्या म्हणाल्या, "स्लीव्ह काढा, मसाज करू नका, आत्ताच्या आत्ता अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, जवळच्या हॉस्पिटलला जा आणि काखेच्या गाठी काढल्यात हे पहिलं वाक्य सांगा." रात्री साडेनऊला औषध सुरू झालं. लिम्फ अडलेल्या हातात इन्फेक्शन फार लवकर पसरतं, एक रात्र थांबले असते तर अॅडमिट व्हावं लागलं असतं असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता मी खवणी वापरते, आणि मोगऱ्याच्या कुंडीत हात घालायचा तर हातमोजे घालून.

अजून एक, सगळे मला सांगायचे उजव्या हाताने काही उचलू नकोस, दोन वर्षं मी पिशवी पण डाव्या हातात. ताईंनी अर्ध्या किलोच्या बाटल्यांपासून सुरू करून आता दोन किलोपर्यंत आणलंय. हळूहळू आणि स्लीव्ह घालून वाढवलं तर वजनाने सूज वाढत नाही, हे अभ्यास करून बघितलेलं आहे म्हणाल्या. मला पोळ्या परत लाटता यायला लागल्या त्या त्यामुळे.

आता दुसरा विषय, ज्याबद्दल लिहायला मला जरा वेळ लागला. आतल्या कपड्यांचा.

सर्जरीनंतर सुरुवातीला मी ब्लाउजच्या आत रुमालाच्या घड्या घालायचे. त्या वर सरकायच्या, दिवसभर पदर सावरत बसायचं. मग सिलिकॉनचं, म्हणजे स्तनाच्या जागी ब्रात घालायचं पॅड, घ्यायला एका मोठ्या दुकानात गेले. काउंटरवर पुरुष, मागे गिऱ्हाइकांची रांग, आणि त्याने मोठ्याने विचारलं, "कोणती साइड?" मी बिनमापाचंच घेऊन बाहेर पडले, ६५०० चं. वस्तू चांगली आहे, हात लावला तर खऱ्यासारखं वाटतं, आणि वजनामुळे खांदा एका बाजूला झुकत नाही, एक बाजू रिकामी राहिली की आपण नकळत वाकडं उभं राहतो आणि पाठ दुखते, तर त्याला हे चांगलं. पण माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेचारशे ग्राम भरलं ते, आणि रेडिएशनची कातडी तशी नाजूकच, दुपारपर्यंत खाली घाम साचून चुरचुरायचं. आणि एक दिवस हळदी-कुंकवाला पदराला पिन लावताना ती आत गेली. छोटं भोक, त्यातून चिकट जेल. साडी नेसणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवा, पिन खांद्यावरच्या पट्टीला लावा, खाली नको.

त्या पिनमुळेच पुढचं झालं. ट्रेनमधल्या त्या सहा वर्षांवाल्या मैत्रिणीने मला साईशा इंडिया फाउंडेशनचं सांगितलं, मुंबईतलीच संस्था आहे, तिथल्या स्वयंसेवक बायका सुती धाग्याने क्रोशावर स्तन विणतात आणि बायकांना फुकट देतात. फुकट म्हटल्यावर मला जरा संकोच वाटला, आपल्यापेक्षा गरजू कोणी असेल म्हणून, पण मैत्रीण म्हणाली मागवून तर बघ. ही कल्पना अमेरिकेतल्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी वाढवली, त्यांची स्वतःची सर्जरी २०११ ची, आणि आता कितीतरी देशांत बायका असे विणून देतात. माप विचारलं ब्राचं, कुठली बाजू ते विचारलं, आणि पार्सल घरी आलं.

ते उघडलं तो क्षण मी विसरणार नाही. फिकट गुलाबी, गोल गोल फेऱ्यांनी विणलेलं, मधोमध बारीकसं टोक काढलेलं. ते टोक बघून मी किती तरी वेळ तशीच बसले. कोणीतरी, जिला मी कधी भेटणार नाही, तिने मोजून टाके घालून ते पण विणलं होतं. आई थंडीत आमच्यासाठी टोपडी विणायची तिचा शेवटचा टाका असाच आवळायची. मागच्या बाजूला छोटी फट आहे, आतलं भरण कमी-जास्त करता येतं, मी थोडं काढलं तेव्हा डाव्या बाजूशी बरोबर जुळलं. वजन जवळजवळ नाहीच. धुता येतं, वाळतं. पिन लागली तरी काही होत नाही. उन्हाळ्यात मी हेच वापरते.

कमी काय, तर हलकं असल्यामुळे वर सरकतं, नुसत्या साध्या ब्रात तर सरकतंच. त्यावर उपाय माझ्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी काढला. त्यांना सांगायला मी लाजत होते, वीस वर्षं त्या माझं माप घेतायत. त्यांनी दार लावलं, टेप घेतली, दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या आणि काही न बोलता माझ्या चार ब्रांना आतून मऊ मलमलचा खिसा शिवून दिला, आणि ब्लाउजची काखेखालची शिवण उजवीकडून बाहेर काढून फ्लॅट केली म्हणजे व्रणावर घासायची नाही. प्रत्येकी चाळीस रुपये घेतले. दुकानात खिसेवाली ब्रा ९००च्या खाली नव्हती. लग्नाला किंवा दिवसभर उभं राहायचं असेल तर नवीन सिलिकॉन, ह्या वेळी माप देऊन घेतलेलं, आणि रोज विणलेलं, असं माझं चाललंय. विणलेल्याला पाच, शिवणाऱ्या ताईंना मोजायला आकडा नाही.

फॉलोअपच्या ओपीडीबद्दल थोडक्यात लिहिते, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डॉक्टर चांगले आहेत पण गर्दी इतकी की तीन तास थांबून पाच मिनिटं मिळतात. माझं वेळापत्रक सध्या दर चार महिन्यांनी आहे, साधारण पहिली तीन वर्षं ३ ते ६ महिन्यांनी, मग दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, डाव्या बाजूचा मॅमोग्राम दरवर्षी. मी दुसऱ्या भेटीत हट्ट धरला की मला पेट स्कॅन करा, भाच्याने पण सांगितलं होतं, आणि एका लॅबचं फुल बॉडी आणि कॅन्सर मार्करचं पॅकेज पण बघून ठेवलं होतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं. मला आधी राग आला, पैसे मी देतेय ना. पण त्यांनी सांगितलं की काही त्रास नसताना दर वेळी स्कॅन आणि मार्कर केल्याने बायका जास्त जगतात असं दिसलेलं नाही, उलट काहीतरी बारीकसं दिसतं, मग त्यामागे अजून तपासण्या, बायोप्सी आणि झोप जाते. त्यापेक्षा नवीन गाठ, न थांबणारं हाडाचं दुखणं, खोकला, दम, विनाकारण वजन कमी होणं, यातलं काही दोन-तीन आठवडे राहिलं तर तारखेची वाट न बघता यायचं. त्या पाच मिनिटांतलं हे सर्वात उपयोगी होतं.

लेट्रोझोलचं कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. सकाळी बोटं आखडतात, जिना उतरताना गुडघे. मी दोन आठवडे गोळी बंद केली होती कोणाला न सांगता. तिथल्या नर्स सिस्टरनी गोळ्यांची पाकिटं मोजली आणि ओळखलं. ओरडल्या नाहीत. रात्री घेऊन बघा, रोज चाला, आणि फारच झालं तर दुसरी गोळी बदलून देता येते पण मनाने बंद करू नका म्हणाल्या. ह्या गोळीने हाडं ठिसूळ होतात म्हणून डेक्सा स्कॅन त्यांनीच लिहून घेतला, त्यात घनता कमी निघाली आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डी सुरू झालं. आणि त्यांनीच पडदा ओढून विचारलं की मिस्टरांबरोबर त्रास होतो का, कोरडेपणा आहे का. मला वाटलं होतं ह्या वयात हे कोणी विचारणार नाही आणि मी सांगणार नाही. हार्मोन नसलेलं जेल मिळतं त्यासाठी, साधं आहे. सिस्टरना पाच, ओपीडीच्या व्यवस्थेला दोन.

बोलायला कोणी हवं असेल तर मुंबईत व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून काम करतंय, तिथे स्वतः ह्यातून गेलेली माणसं भेटतात. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले तेव्हा एका नवीन मुलीला बांगडीची गोष्ट सांगितली आणि तिने तिथेच दोन्ही मनगटं मोजली.

ठाण्याच्या क्लिनिकसारख्या ठिकाणी जायचं ठरलं तर हे करा. बिनबाह्यांचा किंवा अगदी सैल बाह्यांचा कपडा घाला, त्या दिवशी हाताला तेल-क्रीम लावू नका म्हणजे पेनाची खूण टिकते, जुनी स्लीव्ह असेल ती सोबत न्या, सर्जरीचा कागद न्या ज्यावर किती गाठी काढल्या ते लिहिलेलं असतं, आणि डबा न्या, तास दीड तास जातोच. लिफ्ट नाहीये, दुसरा मजला.